थंडीचा पहारा उठला : उत्तरेकडील जंगले आणि हवामानाचे अंदाज



ऊस विकास विभागातर्फे या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खते आणि कीड-रोग यांवर लिहितो. या अंकात मात्र विषय जरा लांबचा घेतला आहे. कारण असे की, गटवार मेळाव्यांत हवामान बदलाची गोष्ट निघाली की एक सवाल हमखास येतो. "साहेब, उद्या पाऊस पडंल का नाही याचा पत्ता नाही, आणि ही माणसं २१०० साली काय होणार ते सांगतात. यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?"

सवाल रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्या शिवारात शोधू गेले की गोंधळ होतो. आपल्याकडे एक साल ओले आणि एक साल कोरडे हे आजोबा-पणजोबांपासून चालत आले आहे. त्यात नवे किती आणि जुने किती हे पटकन कळत नाही. तेव्हा जेथे हा बदल लवकर आणि ठळकपणे दिसला अशा ठिकाणी जाऊन पाहावे हे बरे. ते ठिकाण म्हणजे उत्तर ध्रुवाच्या भोवती पसरलेला जंगलांचा पट्टा. तेथील झाडे, तेथील कीड आणि तेथील लाकडाचे कारखाने यांची हकीकत ऊस उत्पादकाला समजावयास मुळीच अवघड नाही.

हा पट्टा आहे तरी केवढा?

अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा सैबेरिया अशा मुलखांतून हा पट्टा पृथ्वीच्या डोक्याला फेट्यासारखा गुंडाळलेला आहे. जगात जेवढे जंगल आहे त्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त येथे आहे. झाडे बहुतेक सुईसारख्या पानांची : स्प्रूस, पाइन, फर आणि लार्च. हिमालयात देवदार पाहिला असेल त्यांना कल्पना येईल. मधूनमधून बर्च आणि अ‍ॅस्पेन ही रुंद पानांची झाडे असतात.

येथील हिवाळा म्हणजे काय चीज आहे हे आकड्यावरून कळेल. पारा शून्याच्या खाली ४० अंशांपर्यंत उतरतो. झाड वाढायला वर्षातले तीन-चार महिनेच मिळतात. त्यामुळे मनगटाएवढ्या जाडीचे स्प्रूसचे झाड शंभर वर्षांचे निघू शकते. आपला आडसाली ऊस दीड वर्षात तुटतो. तेथे आज लावलेले रोप तोडायला नातू लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थंडीमुळे तेथे पालापाचोळा कुजत नाही. आपण खोडव्यात पाचट ठेवतो, ते ओल आणि उष्णतेमुळे काही महिन्यांत कुजून जाते. तेथे हजारो वर्षांचा पाला, मुळ्या आणि शेवाळ एकावर एक साचून राहिले आहे. खाली कित्येक ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली असते. उत्तरेकडील अशा गोठलेल्या जमिनींत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब साठून आहे. सगळ्या पृथ्वीवरच्या हवेत जेवढा कर्ब आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट हा साठा भरतो. या कोठाराला कुलूप एकच, ते थंडीचे.

अंदाज आणि भविष्य यांत फरक आहे

आता मेळाव्यातल्या सवालाकडे येऊ. उद्याचा पाऊस सांगणे आणि पन्नास वर्षांनंतरची सरासरी सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. गाळप सुरू होण्याआधी आपला विभाग ऊस उपलब्धतेचा अंदाज काढतो. अमुक सभासदाच्या अमुक गटातल्या फडात नेमके किती टन निघेल हे आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण सगळ्या कार्यक्षेत्राची सरासरी मात्र फारशी चुकत नाही, कारण एकाचे कमी तेथे दुसऱ्याचे जास्त होऊन वजाबाकी होते. हवामानाचेही तसेच आहे.

दुसरे असे की, शास्त्रज्ञ 'हे होणारच' असे सांगत नाहीत. 'असे केले तर असे होईल' असा तो हिशेब असतो. पाण्याच्या चार पाळ्या दिल्या तर इतके, दोनच दिल्या तर इतके, तसाच. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणूस पुढे किती कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडणार यावर २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालात पाच शक्यता मांडल्या आहेत. सर्वांत काटकसरीची शक्यता धरली तर शतकाच्या अखेरीस पृथ्वीची सरासरी उष्णता कारखानदारीच्या पूर्वीपेक्षा सुमारे १.४ अंशांनी वाढलेली असेल. मधली धरली तर २.७ अंश, आणि सर्वांत उधळी धरली तर ४.४ अंश. आकड्यांत एवढी तफावत का, तर माणूस कसा वागेल हे कोणालाच ठाऊक नाही. हवेच्या शास्त्राचे गणित त्यामानाने पक्के आहे.

हे गणित कालपरवाचे नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ साली हातानेच आकडेमोड करून दाखवले होते की, हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापेल. त्यांचा आकडा आजच्या मानाने जरा चढा होता, पण दिशा बरोबर होती. पुढे १९७५ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांनी गणकयंत्रावर सबंध हवेचा नमुना चालवून पाहिला. त्यातून निघाले की उष्णता सगळीकडे सारखी वाढणार नाही. उत्तर टोकाकडे ती जास्त वाढेल. कारण साधे आहे. पांढरे बर्फ ऊन परतवून लावते. बर्फ वितळून खालची काळी जमीन उघडी पडली की तीच ऊन पिते, मग आणखी बर्फ वितळते. मानाबे यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड कारखानदारीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. आणि १९७९ नंतरच्या चार दशकांत ध्रुवाजवळचा प्रदेश बाकीच्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. १९७५ साली कागदावर निघालेली गोष्ट थर्मामीटरने खरी ठरवली. म्हणून आम्ही म्हणतो की, या अंदाजांची पारख करावयाची तर उत्तरेकडे पाहावे.

तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तेथे लॉजपोल पाइन या झाडाची मोठी जंगले आहेत आणि त्यावर सॉ मिलचा मोठा धंदा उभा आहे. या पाइनला एक कीड लागते. इंग्रजीत तिला माउंटन पाइन बीटल म्हणतात. आपण साल पोखरणारा भुंगेरा म्हणू. आकार तांदळाच्या दाण्याएवढा. उन्हाळ्यात मादी सालीत भोक पाडून आत शिरते आणि एक वास सोडते. त्या वासावर आणखी शेकडो भुंगेरे त्याच झाडावर तुटून पडतात. झाड डिंकासारखा चीक सोडून त्यांना बाहेर ढकलू पाहते; पण गर्दी फार झाली की झाडाचे काही चालत नाही. भुंगेरा आपल्याबरोबर एक बुरशीही आणतो. ती लाकडात पसरून पाणी वर चढायचे थांबवते. सालीखाली अळ्या नागमोडी बोगदे पाडतात. पुढच्या उन्हाळ्यात झाड लाल पडते आणि काही वर्षांनी करड्या सांगाड्यासारखे उभे राहते.

ही कीड तेथे नवी नव्हती, पूर्वापार होती. तिला आवर घालणारी होती ती थंडी. अळ्या हिवाळ्यापूर्वी अंगात ग्लिसरॉल साठवतात. आपण मोटारीच्या रेडिएटरमध्ये न गोठणारे द्रव्य घालतो तसा हा प्रकार. त्याच्या जोरावर त्या बरीच थंडी सोसतात. परंतु शून्याखाली ४० अंशांच्या आसपासची थंडी काही दिवस टिकली की बहुतेक अळ्या मरतात. हिवाळ्याच्या तोंडाशी, ग्लिसरॉल पुरते साठण्याआधी, एकदम कडाका पडला तर त्याहून कमी थंडीतही मरतात. असा एखादा कडक हिवाळा आला की पुढे कित्येक वर्षे भुंगेऱ्याचे नाव निघत नसे.

१९९० नंतर असे हिवाळे यायचे कमी झाले. उन्हाळे उबदार आणि कोरडे गेले, त्यामुळे झाडांनाही पाण्याची ओढ बसली आणि चीक सोडण्याची ताकद घटली. त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. कित्येक दशके वणवे विझवत गेल्यामुळे एकाच जातीची, एकाच वयाची म्हातारी झाडे मैलोन्‌मैल उभी होती. एकाच वाणाखाली सगळे शिवार असले म्हणजे रोग कसा पसरतो हे आपल्याला शिकवायला नको. ब्रिटिश कोलंबियात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलात हा भुंगेरा पसरला आणि विक्रीजोग्या पाइनपैकी निम्म्याहून जास्त लाकूड उभ्या जागी वाळले. आपले महाराष्ट्र राज्य साधारण ३ कोटी ८ लाख हेक्टरांचे आहे, त्यावरून अंदाज करावा.

२००६ साली भुंगेऱ्याचे थवे वाऱ्यावर स्वार होऊन रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टा प्रांतात उतरले. तेथे त्याला जॅक पाइन नावाचे दुसरे झाड मिळाले आणि त्यातही तो वाढू लागल्याचे २०११ साली सिद्ध झाले. जॅक पाइनचा पट्टा थेट कॅनडाच्या पूर्व भागापर्यंत जातो. पुढे २०१९ नंतरच्या काही कडक हिवाळ्यांत अल्बर्टातला भुंगेरा बराच घटला. म्हणजे थंडी पहाऱ्यावर हजर असली की आजही ती आपले काम चोख करते. तेथील शास्त्रज्ञांची काळजी ही की, पुढच्या शतकात ती किती वेळा हजर असेल.

आपल्याकडे २००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला तेव्हाची धावपळ जुन्या सभासदांच्या लक्षात असेल. आपण सुटलो ते डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांमुळे. पाइनच्या जंगलात मात्र सर्वांत मोठा मित्र म्हणजे हिवाळाच होता. तो प्रयोगशाळेत वाढवून सोडता येत नाही.

मग गिरण्यांचे काय झाले?

हा भाग सभासदांनी नीट वाचावा. वाळलेले लाकूड काही वर्षे उपयोगी पडते. नंतर ते तडकते आणि फळ्या निघत नाहीत. तुटलेला ऊस फडात पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, त्यातलाच प्रकार, फक्त दिवसांऐवजी वर्षांचा. तेव्हा सरकारने मेलेली झाडे लवकर काढण्यासाठी तोडीची मर्यादा वाढवून दिली. काही वर्षे गिरण्यांना माल भरपूर मिळाला. गावांत पैसा खेळला. बुरशीमुळे निळसर झालेल्या लाकडालाही गिऱ्हाईक मिळाले.

पण ती तेजी उद्याचा माल आज तोडल्याची होती. मेलेले लाकूड संपत आले तशी तोडीची मर्यादा खाली आणावी लागली. नवे रोप तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षे लागणार, तोपर्यंत करवतीखाली काय घालायचे? एकापाठोपाठ एक सॉ मिल बंद झाल्या. ज्या गावात एकच गिरणी होती तेथे दुकाने, वाहतूक, शाळा सगळ्यांवर कळा आली. कच्चा माल संपला की कारखान्याचे भोंगे वाजायचे थांबतात, मग तो ऊस असो की पाइन.

याचा दुसरा हिशेब कॅनडाच्या वनशास्त्रज्ञांनी २००८ साली मांडला. जिवंत झाड हवेतला कर्ब ओढून घेते. मेलेले झाड कुजताना तो परत सोडते. सुमारे ३ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की, २००० ते २०२० या काळात या किडीमुळे २७ कोटी टन कर्बाचा फरक पडेल आणि कर्ब जमा करणारे जंगल कर्ब सोडणारे होईल. जमेची बाजू खर्चात गेली.

वणवा

उत्तरेकडील जंगलाला वणवा परका नाही. लॉजपोल पाइनची काही बोंडे राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळली की ती उघडतात आणि बी राखेत पडते. म्हणजे आग ही तेथील लागणीचीच एक रीत आहे. मात्र दोन वणव्यांत पुरेसे अंतर हवे. झाड बी धरण्याच्या वयाचे होण्याआधीच दुसरा वणवा आला तर पेरायला बी उरत नाही. मग पाइन-स्प्रूसच्या जागी बर्च, अ‍ॅस्पेन किंवा नुसते गवत-झुडूप येते.

हवा तापली की लाकूड आणि पाला जास्त कोरडा होतो आणि वणव्याचा हंगाम लांबतो, हे अंदाजांत आधीपासूनच होते. २९ जून २०२१ रोजी ब्रिटिश कोलंबियातील लिटन या गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. आपल्या विदर्भातही सहसा न दिसणारा हा आकडा, आणि तो कॅनडात! दुसऱ्याच दिवशी ते गाव आगीत जळाले. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. यलोनाइफ या शहरातून सुमारे वीस हजार माणसे हलवावी लागली. धूर एवढा की जूनमध्ये न्यूयॉर्कचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. त्या वर्षी मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्या वणव्यांतून सुमारे ६४ कोटी टन कर्ब हवेत गेला. कोळसा-तेल जाळून वर्षभरात याहून जास्त कर्ब सोडणारे देश तीनच : चीन, अमेरिका आणि भारत.

कित्येक ठिकाणी आग जमिनीखालच्या पिटात, म्हणजे त्या साचलेल्या जुन्या पाल्याच्या थरात, शिरते. वरून बर्फ पडले तरी खाली ती हिवाळाभर धुमसत राहते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येते. गुऱ्हाळाच्या चुलीतली राख वरून गार दिसते आणि आत निखारा असतो, तसे हे आहे.

जमीनच खचते तेव्हा

सैबेरियातले लार्च गोठलेल्या जमिनीवर उभे आहे. उन्हाळ्यात वरचा थोडाच थर वितळतो आणि मुळे तेवढ्यातच पसरतात. २० जून २०२० रोजी तेथील व्हेर्खोयान्स्क या गावी ३८ अंश उष्णता नोंदली गेली. हे गाव ध्रुववृत्ताच्या पलीकडे आहे आणि हिवाळ्यातल्या भयंकर थंडीसाठी प्रसिद्ध आहे. खालचे बर्फ वितळले की जमीन खचते, झाडे दारू प्यायलेल्या माणसासारखी वेडीवाकडी कलतात, आणि घरे, रस्ते, नळ यांना तडे जातात. मुख्य म्हणजे हजारो वर्षे न कुजलेला पाला कुजू लागतो. त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड आणि मिथेन हे दोन्ही वायू निघतात. हवा तापली म्हणून हे वायू सुटतात आणि वायू सुटले म्हणून हवा आणखी तापते, असे हे रहाटगाडगे आहे. एका रात्रीत सगळे कोठार फुटेल असे कोणी म्हणत नाही. पण एकदा सुटलेला कर्ब माणसाच्या चार-दोन पिढ्यांत तेथे परत भरता येत नाही.

झाडाची काकवी

या पट्ट्याच्या दक्षिण कडेला, कॅनडाच्या पूर्व भागात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात, शुगर मेपल नावाचे झाड आहे. साखर कारखान्याच्या सभासदांना याची माहिती असावी. हिवाळा संपता संपता झाडाच्या बुंध्याला भोक पाडून रस काढतात. त्यात साखर दोन-तीन टक्केच असते, म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर काकवी मिळते. जगातल्या मेपल काकवीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या क्वेबेक प्रांतात होते. तेथील उत्पादकांच्या संघटनेने प्रत्येकाचा कोटा ठरवून दिला आहे आणि सुगीच्या वर्षीचा माल राखीव साठ्यात ठेवला जातो. २०२१ साली उत्पादन घटले आणि मागणी वाढली, तेव्हा जवळजवळ निम्मा साठा बाहेर काढावा लागला.

गंमत अशी की, हा रस वाहण्यासाठी रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असावा लागतो. दोन्हीपैकी एक चुकले तर रस नाही. २०१९ सालच्या एका अभ्यासात व्हर्जिनियापासून क्वेबेकपर्यंत सहा ठिकाणची नोंद घेऊन असा अंदाज निघाला की, शतकाच्या अखेरीस रसाचा हंगाम एक महिना अलीकडे येईल आणि सर्वांत जास्त रस देणारा पट्टा सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेकडे सरकेल. आता झाड काही ४०० किलोमीटर चालत जाणार नाही, आणि काकवी करणाऱ्याची भट्टी, घर व जमीन तर मुळीच नाही.

फायदा होणार नाही का?

हाही सवाल येतो. "थंड मुलूख गरम झाला तर झाडं जोमानं वाढतील की!" यात तथ्य आहे. पट्ट्याच्या उत्तर कडेला, जेथे थंडीनेच वाढ अडली होती तेथे, झाडे जास्त हिरवी दिसू लागली आहेत. फिनलंड-स्वीडनसारख्या ठिकाणी वाढीचे दिवस वाढले की लाकूडही वाढेल असे अंदाज सांगतात. परंतु दक्षिण कडेला, जेथे पाणी आधीच बेताचे, तेथे उलट घडते. कॅनडाच्या गवताळ मैदानांच्या कडेला २००१-०२ च्या दुष्काळात अ‍ॅस्पेनची झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. आणि या जमाखर्चात वेळ एकसारखा नाही. दक्षिणेकडचे जंगल एका वणव्यात किंवा किडीच्या एका दशकात जाते. उत्तरेकडे नवे जंगल उभे राहायला शंभर वर्षे लागतात.

तिकडचे लोक काय करीत आहेत?

हातावर हात ठेवून कोणी बसलेले नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या वनखात्याने २००९ पासून एक मोठी चाचणी घेतली आहे. युकॉनपासून कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापर्यंत ४८ ठिकाणी १५ जातींची, निरनिराळ्या मुलखांतल्या बियांची रोपे लावली. कोणत्या गावचे बी कोणत्या हवेत टिकते हे त्यातून पाहावयाचे. पूर्वी नियम असा की, जेथले बी तेथेच लावा. आता तेथे, आज उबदार असलेल्या जागेचे बी उद्या उबदार होणाऱ्या जागी नेऊन लावण्याचे धोरण आले आहे. आपल्या भाषेत, बेणे निवडताना उद्याच्या हवेचा विचार.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्प्रूसच्या दलदलीवर याहून वेगळा प्रयोग मांडला गेला. वरून उघडी अशी दहा मोठी पारदर्शक दालने उभारून काहींत हवा आणि जमीन सव्वादोन अंश, काहींत साडेचार, असे करत नऊ अंशांपर्यंत जास्त तापवली आणि काय होते ते मोजले. हे काम २०१५ साली सुरू झाले. आपला चाचणी प्लॉट असतो तसाच, पण प्लॉट भविष्यातल्या हवेचा. तापवलेल्या दालनांत शेवाळ मरू लागले आणि पूर्वी कर्ब साठवणारी ती दलदल कर्ब गमावू लागली, हे थोड्याच वर्षांत दिसून आले.

आपण यातून काय घ्यावे?

आता थोडक्यात. पहिली गोष्ट, मेळाव्यातल्या सवालाचे उत्तर. २१०० सालाचा अंदाज डोळे झाकून मानू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. जुने अंदाज काय सांगत होते आणि नंतर काय झाले हे ताडून पाहावे. उत्तरेकडे ताडून पाहिले तर मुख्य मुद्दे खरे ठरले आहेत.

दुसरी गोष्ट, कीड वाढते तेव्हा नेहमी कीडच बदललेली असते असे नाही. तिला धरून ठेवणारे काहीतरी सुटलेले असते. म्हणून आपल्या गटातल्या पावसाची, उष्णतेची आणि कीड दिसल्याच्या तारखेची नोंद वहीत ठेवा. दहा वर्षांच्या अशा नोंदी कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट, सगळे क्षेत्र एका वाणाखाली नको. हे आम्ही दरवर्षी सांगतो. यंदा पाइनच्या जंगलाचा दाखला देऊन सांगत आहोत.

चौथी, पाचट जाळू नका. एका तालुक्याने पाचट न जाळल्याने कॅनडाचे वणवे थांबतील असे आम्ही म्हणणार नाही. तुमच्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब मात्र तुमच्याकडेच राहील, आणि कमी पाण्यात खोडवा तग धरेल. हवेला तालुका, जिल्हा नसतो. तिकडे सुटलेला कर्ब सगळ्यांच्या डोक्यावर येतो. तेव्हा इकडेही पाण्याची आणि उष्णतेची ओढ वाढणार हे धरूनच नियोजन करावे.

शेवटी एक. ब्रिटिश कोलंबियातला माणूस आज जे रोप लावील त्याचा निकाल त्याच्या नातवाला कळेल. मधे फेरबदल करायला त्याला संधी नाही. आपल्याला दर लागणीला वाण, अंतर, पाणी, खत सगळे नव्याने ठरवता येते. ही सवलत त्यांना नाही, आपल्याला आहे, ती वापरावी.

चालू हंगामासाठी आपल्या गटात दोन वेगळ्या वाणांची शेजारीशेजारी लागण करून पाहण्यास जे सभासद तयार असतील त्यांनी आपली नावे गट कार्यालयात लागण नोंदीबरोबरच द्यावीत. बेण्याची शिफारस आणि नोंदवहीचा नमुना विभागातर्फे देण्यात येईल.